पायलट आणि पंखांच्या मधला संगणक : फ्लाय-बाय-वायरने काय दिलं?

हँगरवाला

नोव्हेंबर २०२५च्या शेवटच्या शुक्रवारी एअरबसने जगभरच्या विमान कंपन्यांना कळवलं, की ए-३२० कुटुंबातल्या सुमारे ६००० विमानांमधल्या एका संगणकाचं सॉफ्टवेअर पुढच्या उड्डाणाआधी बदला. त्यात भारतातली तीनशेहून जास्त विमानं होती. मूळ घटना महिनाभर आधीची, ३० ऑक्टोबरची. मेक्सिकोतल्या कानकूनहून नेवार्कला निघालेल्या एका ए-३२०चं नाक, पायलटने काहीही केलेलं नसताना, एकाएकी खाली गेलं. प्रवासी जखमी झाले, विमान टॅम्पाला उतरवावं लागलं. तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे 'एलॅक' या, पंख आणि शेपटीचे पृष्ठभाग हलवणाऱ्या संगणकातला डेटा बिघडू शकतो, असं एअरबसने सांगितलं. बहुतेक विमानांत सॉफ्टवेअरची आधीची आवृत्ती परत घातली, ते काही तासांचं काम होतं. काही जुन्या विमानांत मात्र अख्खी पेटीच बदलावी लागली.

तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एकच सूर ऐकू येतोय : विमानं कॉम्प्युटरच्या ताब्यात दिली म्हणून हे दिवस आले. माझी सगळी नोकरी हँगरमध्येच झाली, आधी केबलच्या विमानांवर, मग एअरबसवर. दोन्ही यंत्रणा उघडून पाहिल्या आहेत आणि हा सूर मला अजिबात पटत नाही. म्हणून हा धागा.

आधी केबलचं सांगतो. जुन्या बोइंग ७३७मध्ये पायलटने योक (समोरचं स्टिअरिंग) वळवला की फरशीखालच्या पोलादी केबल ओढल्या जातात, पुलींवरून वळणं घेत मागे जातात आणि शेवटी हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाच्या, जोरावर पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलंडवणारा एलेरॉन हलतो. तपासणीला आम्ही केबलवरून सुती फडकं हलक्या हाताने फिरवायचो. केबल म्हणजे बारीक तारांचा पीळ; पुलीवर घासून त्यातली एखादी तार तुटली असेल तर तिचं टोक फडक्यात अडकतं. डोळ्यांना जे दिसत नाही ते फडक्याला सापडतं. मग केबलचा ताण मोजायचा, तोही त्या वेळच्या तापमानाचा तक्ता समोर ठेवून, कारण ॲल्युमिनियमचं धड आणि पोलादाची केबल उन्हात सारख्या प्रमाणात लांबत नाहीत. यंत्रणा उत्तम होती, तिच्याविषयी मला आजही आदर आहे. पण पायलट जे मागतोय ते विमानाला झेपेल का, हे तिला कळायची सोय नव्हती.

ती सोय फ्लाय-बाय-वायरने आणली : केबलऐवजी पायलटची मागणी तारांतून, विजेच्या संकेतांनी संगणकाकडे जाते आणि संगणक पृष्ठभाग हलवतो. २५ मे १९७२ला नासाने एफ-८ जातीच्या लढाऊ विमानातल्या केबल काढून, अपोलो यानातला संगणक बसवून ते उडवलं. कॉन्कॉर्डमध्येही विजेचे संकेत होते, पण ते ॲनालॉग. प्रवासी विमानात पूर्ण डिजिटल यंत्रणा आली ती ए-३२०मध्ये. पहिलं उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७, सेवेत दाखल १९८८.

इथे योक नाही, बाजूला छोटी साइडस्टिक आहे. ती मागे ओढली म्हणजे एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पृष्ठभाग) अमुक अंश वर कर असं आपण सांगत नाही. विमानावर अमुक इतका 'जी' भार (गुरुत्वाच्या पटीत मोजलेला) येईल असं वळव, असं सांगतो. डावीकडे ढकलली तर सेकंदाला इतके अंश कलंड, असं. कुठला पृष्ठभाग किती हलवायचा ते संगणक ठरवतो. नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे सगळं ठीक चालू असतानाच्या नियमावलीत, तो काही मर्यादा ओलांडू देत नाही. ६७ अंशांपलीकडे विमान कलंडत नाही. ३३च्या पुढे नेऊन स्टिक सोडली तर आपण होऊन ३३वर परत येतं. फ्लॅप (उडताना-उतरताना पंखाबाहेर येणाऱ्या पट्ट्या) आत असताना भार २.५ जीवर जात नाही. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे पंखावरची हवा सुटून उचल संपेल, म्हणजे स्टॉल होईल, इतकं नाक वर जाऊ देत नाही.

हे करणारे संगणक सात : दोन एलॅक, तीन सेक (हेही पंख आणि शेपटीचे पृष्ठभाग हलवतात) आणि दोन फॅक (हे शेपटीच्या उभ्या पंखावरच्या रडरचं काम बघतात). एलॅक आणि सेक वेगळ्या कंपन्यांनी बनवले, आत प्रोसेसर वेगळे, सॉफ्टवेअर लिहिणारे गट वेगळे. एकाच्या डोक्यातली चूक दुसऱ्याच्या डोक्यात असू नये, हा त्यामागचा विचार. प्रत्येक संगणकात एक भाग हुकूम देतो आणि दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो. दोघांचं जमलं नाही तर तो संगणक बाजूला होतो आणि पुढचा काम उचलतो.

याने काय फरक पडतो ते मुंबईच्याच उदाहरणाने सांगतो. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि अवघ्या काही मिनिटांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. विमानातले सर्व २१३ जण गेले. उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचा, विमान किती कलंडलंय ते दाखवणारा दर्शक उजवीकडेच अडकून राहिला. बाहेर काळा समुद्र, क्षितिज दिसत नाही. विमान अजून उजवीकडे झुकलंय असं समजून कॅप्टन डावीकडे वळवत राहिले आणि विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कलंडलं. सहवैमानिकाचा दर्शक आणि मधला तिसरा दर्शक बरोबर दाखवत होते. पण योक अडवणारं तिथे काही नव्हतं. ए-३२०मध्ये कलण्याची माहिती तीन स्वतंत्र जडत्व-यंत्रणांकडून येते. तिघांत एक वेगळं बोलायला लागला तर संगणक त्याला वगळतो, आणि ६७ अंशांची भिंत तशीच उभी राहते.

माझा मुद्दा इतकाच, की हे संरक्षण खरं आहे आणि त्याने माणसं वाचतात. संगणक असावा की नसावा हा वाद आता घालू नये. यंत्राला स्वतःची जी अवस्था ठाऊक आहे ती पायलटपर्यंत पोचते का, यावर बोलू या. अपघात तिथे होतात.

मृणाल_ठाणे

लेख फार आवडला. मला उड्डाणाची भीती वाटते, त्यामुळे सगळं दोनदा वाचलं. एक बाळबोध प्रश्न : सातही संगणक एकदम बंद पडले तर?

कोयनाकाठ

हँगरवाला, माहितीबद्दल आदर आहे, पण तुम्ही एकच बाजू मांडताय. १९८८ला फ्रान्समधल्या हाबसहाइमला प्रात्यक्षिक दाखवताना नवंकोरं ए-३२० झाडीत गेलं. १९९०ला बंगळूर. २००९ला एअर फ्रान्सचं ४४७. मग ७३७ मॅक्सचे दोन अपघात, ३४६ माणसं. या सगळ्यांत यंत्र 'हुशार' होतं आणि माणूस गोंधळलेला. माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं की त्याची सवय सुटते आणि नेमक्या वाईट वेळी सगळं परत त्याच्याच हातात पडतं. याला सुरक्षितता कसं म्हणायचं?

हँगरवाला

मृणालताई, प्रश्न अगदी योग्य आहे. सातही गेले तरी दोन गोष्टी यांत्रिक जोडणीने उरतात : पायाने चालणारा रडर आणि दोन सीटांमधलं ट्रिमचं चाक. चाकाने शेपटीचा आडवा पंख वर-खाली होतो, रडरने दिशा मिळते. त्यासाठी हायड्रॉलिक दाब मात्र लागतो. याच्या भरवशावर प्रवास पुरा करायचा नसतो. संगणक परत चालू होईपर्यंत विमान सरळ ठेवायला ते आहे. हायड्रॉलिकचे संचही तीन आहेत, हिरवा, निळा, पिवळा. दोन्ही इंजिनं बंद पडली तर पोटाखालून एक छोटी पवनचक्की बाहेर येते आणि निळ्याला दाब देते.

केबलच्या विमानांत सगळं गेल्याची उदाहरणं आहेत. १९ जुलै १९८९ला युनायटेडच्या डीसी-१०चं मागचं इंजिन फुटलं आणि तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक संच तोडले. योक हातात होता, पण त्याच्या पलीकडे काहीच उरलं नव्हतं. उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत त्यांनी ते विमान सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्यावरूनच नासाने पुढे संगणकाला हे काम शिकवलं, आणि १९९५मध्ये एमडी-११ विमान फक्त इंजिनांच्या नियंत्रणावर धावपट्टीवर उतरवून दाखवलं.

कोयनाकाठ, तुमच्या मुद्द्याला उत्तर द्यायला आपल्याकडे खरा माणूस आहे. उजवी_सीट, बोला.

उजवी_सीट

ए-३२०वर फर्स्ट ऑफिसर आहे. कोयनाकाठ, तुमचा मुद्दा आमच्या प्रशिक्षणातही रोज निघतो, त्यामुळे तो झटकून टाकणार नाही. पण तुम्ही एका पोत्यात घातलेले अपघात वेगवेगळे आहेत. बंगळूरचं सविस्तर लिहिते, कारण तो प्रत्येक ए-३२० पायलटने तोंडपाठ करावा असा धडा आहे.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं आयसी-६०५ मुंबईहून निघालेलं, दुपारची वेळ, हवा स्वच्छ. विमानं ताफ्यात येऊन जेमतेम काही महिने झालेले. बंगळूरच्या एचएएल विमानतळावर उतरताना विमान 'ओपन डिसेंट' नावाच्या मोडमध्ये होतं. या मोडमध्ये इंजिनं आयडलवर (कमीत कमी जोरावर) असतात आणि वेग सांभाळला जातो तो नाक वर-खाली करून. उंचावरून खाली यायला हा मोड छान आहे. धावपट्टीच्या तोंडाशी मात्र तो जीवघेणा, कारण उतरणीचा कोन धरून ठेवायला नाक वर घेतलं की वेग पडत जातो आणि इंजिनं आयडलवरच राहतात. चौकशीत निष्कर्ष निघाला, की उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फूट करण्याऐवजी शेजारची उंचीची खुंटी ७००वर फिरवली गेली असावी. त्यामुळे मोड बदलला.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे धरायचं ते स्क्रीनवर सुचवणारी यंत्रणा) बंद केले असते तर ऑटोथ्रस्ट (इंजिनांची ताकद सांभाळणारी यंत्रणा) आपोआप वेग राखण्याच्या मोडवर आला असता. एक बंद झाला, दुसरा चालू राहिला. इंजिनं आयडलवरच. वेग ठरलेल्यापेक्षा वीस-पंचवीस नॉटने खाली गेला. शेवटी संगणकाने स्वतःहून पूर्ण ताकद मागितली, त्याला 'अल्फा फ्लोअर' म्हणतात. पण जेट इंजिनाला आयडलवरून पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात आणि तेवढी उंची उरली नव्हती. विमान गोल्फ कोर्सवर आपटलं. १४६ पैकी ९२ गेले.

एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट चालू असताना थ्रस्ट लिव्हर (इंजिनांच्या ताकदीचे दांडे) हलत नाहीत. बोइंगमध्ये हलतात, हाताला कळतं. आम्हाला ते डोळ्यांनीच वाचावं लागतं. म्हणून स्क्रीनच्या माथ्यावरच्या मोडच्या ओळीतला प्रत्येक बदल आम्ही मोठ्याने बोलतो आणि शेजारचा बघून दुजोरा देतो. 'बघितलं असेलच' असं कुणी गृहीत धरत नाही.

असाच गोंधळ २० जानेवारी १९९२ला स्ट्रासबर्गला झाला. एअर इंटरच्या विमानात ३.३ अंशांची उतरण हवी होती, बहुधा चुकीच्या मोडमुळे मिनिटाला ३३०० फूट दिली गेली. खिडकीत दोन्ही आकडे जवळपास सारखेच दिसायचे. ८७ जण गेले. त्यानंतर उतरण्याचा दर चार आकडी दिसू लागला. हँगरवाला म्हणतात ते मला इथे शंभर टक्के पटतं : संगणक त्याला सांगितलेलंच करत होता, पण त्याला काय सांगितलं गेलंय ते कॉकपिटमध्ये ठळक दिसत नव्हतं.

बिटबिट

७३७ मॅक्सबद्दल लिहितो, कारण तो अपघात फ्लाय-बाय-वायरच्या खात्यावर टाकला जातो आणि मला ते खटकतं. मॅक्स हे फ्लाय-बाय-वायर विमान नव्हेच. त्याच्या मुख्य नियंत्रणात अजूनही केबल आणि हायड्रॉलिक आहेत. मोठी इंजिनं पुढे आणि वर बसवल्यावर ठरावीक परिस्थितीत नाक वर जायची प्रवृत्ती वाढली. ती झाकायला एमकॅस नावाचं एक ठिगळ लावलं गेलं. ते शेपटीचा पंख हलवून नाक खाली ढकलायचं, तेही एकाच कोन-मापक पातीच्या सांगण्यावरून. पाती बिघडली की पुन्हा पुन्हा. २९ ऑक्टोबर २०१८ला लायन एअर आणि १० मार्च २०१९ला इथिओपियन. लायन एअरच्या अपघातापर्यंत पायलटना एमकॅस नावाचं काही आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

मी पुण्यात वाहनांच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरवर काम करतो. आमच्या क्षेत्रातही पहिला प्रश्न हाच असतो : या एका सेन्सरने खोटं सांगितलं तर काय होईल? बोइंगच्याच ७७७मध्ये, जे १९९५पासून सेवेत आहे, तीन मुख्य फ्लाइट कॉम्प्युटर आहेत आणि प्रत्येकात तीन वेगवेगळ्या जातीचे प्रोसेसर. म्हणजे हे करायचं कसं ते त्या कंपनीला चांगलं ठाऊक होतं. मला राग येतो तो याचाच. दुरुस्तीनंतर एमकॅस दोन्ही पात्यांची तुलना करतं, एका प्रसंगी एकदाच चालतं, आणि पायलटने योक ओढून त्याच्यावर मात करता येईल इतकाच त्याचा जोर ठेवलाय. हे सगळं पहिल्या दिवशी करता आलं असतं. भारतात मॅक्सवरची बंदी मार्च २०१९ ते ऑगस्ट २०२१ होती.

कोयनाकाठ

बंगळूर आणि मॅक्सचा फरक समजला. पण एअर फ्रान्स ४४७? तिथे तर पूर्ण फ्लाय-बाय-वायर ए-३३० होतं, स्टॉलपासून संरक्षण होतं, तरी ते स्टॉल होऊनच समुद्रात पडलं. २२८ माणसं. उजवी_सीट, तुम्ही सांगाल का?

उजवी_सीट

सांगते. १ जून २००९, रिओहून पॅरिस. अटलांटिकवरच्या ढगांत वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे जुळेनात, तेव्हा ऑटोपायलट सुटला आणि नियंत्रण नॉर्मल लॉवरून 'ऑल्टरनेट लॉ'वर आलं. भरवशाचा वेग नसेल तर संगणक मर्यादा कशाच्या आधारे घालणार? म्हणून तो संरक्षण सोडून देतो. समोरच्या स्क्रीनवर एरवी ६७ अंशांपाशी हिरव्या खुणा असतात, त्या जाऊन पिवळसर फुल्या येतात. ज्याला ठाऊक आहे त्याला त्या फुल्या ओरडून सांगतात, की आता भिंत नाही. रात्री, वादळात, गजरांच्या कल्लोळात त्या दिसणं अवघड.

नळ्या मिनिटभराच्या आत मोकळ्या झाल्या होत्या. पण तोवर सहवैमानिकाने स्टिक मागे ओढून नाक वर नेलं होतं, आणि पुढेही तो बहुतेक वेळ ओढतच राहिला. विमान स्टॉलमध्ये गेलं आणि शेवटपर्यंत बाहेर आलं नाही. यात दोन गोष्टी रचनेच्या होत्या. पहिली, मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की कोनाचं माप अविश्वसनीय मानून स्टॉलचा इशारा बंद व्हायचा. म्हणजे चुकीचं केलं की आवाज थांबायचा, आणि नाक खाली घेऊन बरोबर केलं की परत सुरू व्हायचा. गोंधळलेल्या माणसाला याहून वाईट संदेश कुठला? दुसरी, दोन्ही साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. शेजारचा ओढतोय हे दुसऱ्याच्या हाताला जाणवत नाही. दोघांनी एकदम हलवल्या तर 'ड्युअल इनपुट' असा आवाज येतो आणि बटण दाबून एकाला ताबा घेता येतो, पण हाताला होणाऱ्या जाणिवेची बरोबरी त्याला नाही.

माझं स्पष्ट मत आहे, की स्टिक जोडलेल्या हव्यात. तंत्रज्ञान आलं आहे. गल्फस्ट्रीम जी-५०० या बिझनेस जेटमध्ये विजेच्या मोटरींनी जोडलेल्या साइडस्टिक आहेत, एक हलली की दुसरी हलते. मोठ्या एअरबसमध्ये हे यावं असं मला फार वाटतं.

सवय सुटण्याबद्दलचं तुमचं म्हणणंही खरंच आहे. ४४७नंतर जगभर प्रशिक्षण बदललं. उंचीवरचा स्टॉल, वेगाचे खोटे आकडे, संरक्षण गेलेलं विमान हाताने उडवणं, हे सगळं आता सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करून घेतात. हवा चांगली आणि गर्दी कमी असेल तेव्हा मी कॅप्टनना विचारून ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट दोन्ही काढून उतरवते. हात शाबूत ठेवायला दुसरा उपाय नाही.

जर्सीकर

कोयनाकाठ यांनी दिलेल्या यादीत न वाचलेली विमानंच आहेत, म्हणून वाचलेल्या एकाची भर घालतो. १५ जानेवारी २००९, यूएस एअरवेज १५४९. आमच्या इथून नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून निघालेल्या ए-३२०च्या दोन्ही इंजिनांत पक्षी गेले. साडेतीन मिनिटांत ते हडसनमध्ये उतरलं. १५५ जण, सगळे वाचले.

कॅप्टन सलनबर्गर यांचं कौतुक सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातली एक बारीक गोष्ट या धाग्यात हवीच. त्यांनी जवळपास लगेच शेपटीतलं छोटं सहायक इंजिन, एपीयू, चालू केलं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर करायच्या यादीत ते काम बरंच खाली होतं. त्याने वीज टिकली आणि विमान शेवटपर्यंत नॉर्मल लॉमध्ये राहिलं. म्हणजे वेग कमी असताना, पाणी समोर येत असताना, स्टॉलपासूनचं संरक्षण शाबूत होतं. अमेरिकी तपासयंत्रणेने हेही नोंदवलं, की शेवटच्या क्षणी त्यांनी स्टिक पूर्ण मागे घेतली तेव्हा त्याच संरक्षणाने नाक आणखी वर जाणं थोडं रोखलं. दोन्ही नोंदी एकाच अहवालात आहेत, आणि दोन्ही वाचायला हव्यात.

ओझरवाला

उशिरा आलो, पण धागा वाचून राहवलं नाही. मी नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त. आमच्याकडे मिग-२१ झाली, त्यात दांडे आणि हायड्रॉलिक बूस्टर. मग सुखोई-३० आलं आणि तारांचं युग आमच्या शेडमध्ये शिरलं.

इथे सगळे सुरक्षिततेवर बोलताहेत. लढाऊ विमानाला हे तंत्र आधी हवं होतं ते चपळाईसाठी. सर्वसाधारण विमान असं आखतात की हात सोडला तरी ते सरळ राहील. त्याची किंमत म्हणजे ते वळायला आळशी होतं आणि शेपटीला सतत खाली दाबत राहावं लागतं, त्यात उचल वाया जाते. मुद्दाम अस्थिर आखलं तर विमान क्षणात वळतं, पण माणसाला ते सांभाळता येत नाही. तळहातावर काठी उभी धरायची आणि ती पडायच्या आत सेकंदाला कित्येक वेळा हात हलवत राहायचं, असं ते काम आहे. संगणक ते न थकता करतो.

आपलं तेजस असंच अस्थिर आहे. शेपटीला आडवा पंख नाही, डेल्टा आकार, आणि चार समांतर वाहिन्यांचं डिजिटल फ्लाय-बाय-वायर. ते चालवणारे नियम, ज्यांना कंट्रोल लॉ म्हणतात, बंगळूरच्या एनएएल या विमान-संशोधन संस्थेत जमलेल्या राष्ट्रीय गटाने लिहिले. १९९६मध्ये ते नियम अमेरिकेत एका खास एफ-१६वर तपासून झाले होते. त्या विमानाला दुसऱ्या विमानासारखं वागायला लावता येतं. मे १९९८ला पोखरणच्या चाचण्या झाल्या, निर्बंध आले, आणि लॉकहीड मार्टिनची मदत तिथेच थांबली. उरलेलं काम आपल्या लोकांनी पुरं केलं. ४ जानेवारी २००१ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस पहिल्यांदा हवेत नेलं. ज्या विमानात संगणकाशिवाय काही सेकंदही तग धरता येत नाही, त्याच्या पहिल्या उड्डाणाला बसायला काय विश्वास लागत असेल, याचा विचार करा.

१७ ऑक्टोबर २०२५ला तेजस मार्क-१एने ओझरहून पहिलं उड्डाण केलं. आमच्या गावच्या धावपट्टीवरून. त्या दिवशीचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

वास्कोकर

ओझरवाला काका, तेजसचं निघालं म्हणून आमच्या दाबोळीचंही सांगतो. आयएनएस हंसावर नौदलाने जमिनीवरच विमानवाहू जहाजाच्या डेकसारखी सोय उभारली आहे, टोकाला वर वळलेला उतार आणि उतरताना हूक अडकवायची तार, दोन्ही. २० डिसेंबर २०१४ला नौदलाच्या तेजसने त्या उतारावरून पहिली झेप घेतली. चालक होते कमोडोर जयदीप मावळणकर.

उतार सुटतो त्या क्षणी विमानाचा वेग नेहमीच्या उड्डाणापेक्षा कितीतरी कमी असतो. तिथे माणसाने स्टिक थोडी जास्त ओढली तर नाक फार वर जाईल, कमी ओढली तर विमान खाली बसेल. म्हणून कंट्रोल लॉ असे लिहिले, की झेपेच्या वेळी पायलटने स्टिकला हातच लावायचा नाही. योग्य कोन संगणक धरतो, वेग वाढला की ताबा परत देतो. ११ जानेवारी २०२०ला मावळणकरांनीच हे विमान आयएनएस विक्रमादित्यवर उतरवलं. दाबोळीला झालेल्या सरावाचं ते फळ.

मृणाल_ठाणे

किती सुंदर माहिती मिळतेय! अजून दोन प्रश्न विचारून घेते. एक, खिडकीतून पाहताना धक्के बसत असले की पंखावरच्या पट्ट्या आपोआप उघडमीट करतात, ते काय? दोन, मी माहेरी कोल्हापूरला बरेचदा पंख्याच्या एटीआर विमानाने जाते. त्यातही हे सगळं असतं का?

हँगरवाला

मृणालताई, एटीआरमध्ये केबल आणि दांडेच आहेत, एलेरॉन आणि एलेव्हेटर पायलटच्या हाताच्या बळावर हलतात. स्टॉल जवळ आला तर योक थरथरतो, तरी ऐकलं नाही तर एक यंत्र योक पुढे ढकलतं. तेही संरक्षणच, फक्त ते पायलटच्या हातातून बोलतं. नीट देखभाल केलेलं ते अगदी भरवशाचं विमान आहे, निर्धास्त जा.

पट्ट्यांबद्दल. पंखावर वरच्या बाजूला उघडतात ते स्पॉइलर. वळताना ते एका बाजूचे उघडतात, खाली येताना दोन्ही बाजूंचे. काही फ्लाय-बाय-वायर विमानांत वाऱ्याचा मोठा झोत आला की संगणक एलेरॉन आणि स्पॉइलर दोन्ही पंखांवर एकदम जरासे वर करतो. पंखाच्या टोकाकडची उचल क्षणभर कमी होते आणि मुळाशी येणारा ताण घटतो. पंखाच्या मुळाशी ताण कमी येणार असेल तर तिथला सांगाडा हलका करता येतो, आणि वाचलेलं वजन विमानाच्या पूर्ण आयुष्यभर इंधन वाचवतं. ओझरवाला म्हणाले तसा शेपटीचा दाबही कमी करता येतो. ए-३३०मध्ये शेपटीच्या आडव्या पंखात इंधनाची टाकी आहे. उंचीवर गेल्यावर संगणक थोडं इंधन मागे पाठवतो, गुरुत्वमध्य मागे सरकतो, शेपटीला कमी दाबावं लागतं. उतरायच्या आधी ते पुन्हा पुढे येतं.

आणि ज्यावरून धागा काढला त्या एलॅकबद्दल राहिलंच होतं. नोव्हेंबरच्या त्या रात्री भारतातल्या विमानतळांवर एएमई (देखभाल इंजिनिअर) मंडळींनी जागून काम केलं. सॉफ्टवेअर चढवायचं, मग संगणकाची स्वतःची चाचणी लावायची, प्रत्येक पृष्ठभाग पूर्ण हलवून बघायचा, खाली एक माणूस उभा राहून एलेरॉन खरंच वर गेला का ते डोळ्यांनी पाहून वर कळवतो, आणि मग नोंदवहीत सही. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत असलं तरी खालचा माणूस बघितल्याशिवाय सही होत नाही.

उजवी_सीट

आणि उड्डाणाआधी आम्हीही तेच परत करतो. टॅक्सी करताना एक जण स्टिक डावी-उजवी-पुढे-मागे पूर्ण हलवतो, दुसरा स्क्रीनवर प्रत्येक पृष्ठभाग बघून बोलतो. मृणालताई, पंखाच्या मागच्या खिडकीत बसलात तर धावपट्टीकडे जाताना एलेरॉन आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण हललेला दिसेल. तो आमच्याच चाचणीचा भाग असतो.